७८ वेळा चुकलेला पान क्रमांक

भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या शोधनिबंधाचे इतर लेखांनी दिलेले सुमारे ४३०० संदर्भ मिखाइल सिमकिन आणि व्वानी रॉयचौधरी या संशोधकांनी २००३ च्या सुमारास अभ्यासले. १९६ संदर्भांत छपाईची चूक निघाली. पण वेगवेगळ्या चुका मोजल्या, तर त्या भरल्या फक्त ४५. पान क्रमांकातली एकच चूक तब्बल ७८ ठिकाणी जशीच्या तशी होती. आकडा लिहिताना हात कुणाचाही चुकतो, पण इतक्या जणांचा हात नेमका त्याच आकड्यावर कसा चुकेल? ती ओळ दुसऱ्याच्या संदर्भसूचीतून उतरवून घेतलेली होती.

विद्यार्थी विचारतात ते वेगळंच: संदर्भ लिहिताना एपीए (अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची शैली) वापरू की एमएलए (भाषा-साहित्याच्या अभ्यासकांच्या संघटनेची), स्वल्पविराम कुठे, तिरपा टाइप कुठे? हे नियम उगाच जन्मलेले नाहीत. मजकुरातच कंसात लेखक आणि वर्ष देण्याच्या पद्धतीचं मूळ १८८१ मधल्या एका निबंधात सांगतात. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांचा तो निबंध गोगलगायीवर होता. एपीएने १९२९ साली जेमतेम सात पानांत आपले नियम मांडले आणि पुढे हीच लेखक-वर्ष पद्धत रूढ केली. मानसशास्त्रात संशोधन किती ताजं आहे हे वाचकाला लगेच कळावं लागतं, म्हणून कंसात वर्ष हवं. साहित्याच्या अभ्यासकाला उद्धृत केलेली ओळ पुस्तकात शोधायची असते, म्हणून एमएलएच्या कंसात वर्षाऐवजी पान क्रमांक येतो. वैद्यकातली व्हँकूवर शैली नुसते क्रमांक घालते, त्यामुळे डझनभर संदर्भ असले तरी वाक्य तुटत नाही.

पण सगळा ठावठिकाणा अचूक असूनही संदर्भ खोटा ठरू शकतो, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते. १९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात अफूवर्गीय वेदनाशामकं दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी चौघांनाच व्यसन लागल्याची नोंद त्यात होती. २०१७ मध्ये या पत्राचे ६०८ संदर्भ तपासले गेले. त्यातल्या ४३९ लेखांनी ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून ते पुढे केलं होतं, आणि हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते हा तपशील ४९१ लेखांनी गाळला होता. घरी नेऊन महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी ते पत्र काहीच सांगत नव्हतं. उत्तर अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाने पुढे जो हाहाकार माजवला, त्याला या बेफिकीर संदर्भांनीही हातभार लावला, असं त्या तपासणी करणाऱ्यांचं मत आहे.

म्हणून संदर्भ लिहिण्याआधी मूळ लेख उघडावा. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) असेल तर त्यावर क्लिक करून तोच लेख उघडतो का पाहावं, आणि आपण म्हणतोय ते वाक्य त्यात बोट ठेवून शोधावं. मूळ लेख मिळालाच नाही, तर एपीएत त्याचीही सोय आहे: मजकुरात मूळ लेखकाचं नाव आणि ते ‘अमुक यांच्या लेखात उद्धृत’ असं लिहायचं, आणि सूचीत फक्त आपण स्वतः वाचलेला लेख घालायचा.