आधी ड्रायव्हर, मग फाइली

एखादे छायाचित्र उघडावे आणि वरचा निम्मा भाग नीट दिसून खाली नुसते करडे पट्टे उमटावेत, की आपला पहिला संशय डिस्कवर जातो. मात्र डिस्कच्या प्रत्येक सेक्टरसोबत, म्हणजे साठवणीच्या छोट्या कप्प्यासोबत, चूक ओळखणारे जादा बिट साठवलेले असतात, त्यामुळे पृष्ठभाग खराब झाल्यास डिस्क बहुधा वाचता येत नसल्याचे कळवते. कसलीही तक्रार न होता फाइली करप्ट होत असतील, तर रॅम, केबल, कंट्रोलर (डिस्कशी देवाणघेवाण सांभाळणारी चिप) आणि त्याचा ड्रायव्हर (ती चिप चालवणारा प्रोग्राम), म्हणजे माहितीची सगळी वाटच तपासायला हवी.

मेमरीतल्या कोणत्या पत्त्यावरून किती बाइट उचलायचे आणि ते कोणत्या सेक्टरपासून लिहायचे, हे ड्रायव्हर कंट्रोलरला सांगतो. यातला एक आकडा चुकला, तरी डिस्क ती भलतीच माहिती इमानेइतबारे जपून ठेवते. जुन्या पद्धतीत सेक्टरचा पत्ता 28 बिटांचा होता. त्यात 26,84,35,456 सेक्टर, म्हणजे 512 बाइटच्या हिशेबाने सुमारे 137 जीबी मावत. याहून मोठ्या डिस्कला जुना ड्रायव्हर जोडला, तर सीमेपलीकडे लिहायच्या माहितीच्या पत्त्यातले वरचे बिट गळून पडत आणि ती डिस्कच्या सुरुवातीला, नेमकी पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या विभागांच्या, नोंदींवर जाऊन पडू शके. महिनोन्महिने सुरळीत चाललेली डिस्क भरत आली, की एकाएकी फोल्डर दिसेनासे होत. मेमरीच्या 32 बिटांच्या पत्त्यांचेही तसेच आहे: रॅम 4 जीबीच्या पुढे नेल्यावरच उघड होणारा दोष याच जातीचा असू शकतो.

अशा वेळी घाईने चेकडिस्क किंवा एफएससीके ही डिस्कवरच्या फाइलींची मांडणी तपासून दुरुस्त करणारी साधने चालवणे मला सर्वांत घातक वाटते. ही साधनेही त्याच सदोष ड्रायव्हरमधून वाचतात, धडधाकट नोंदींना मोडक्या समजतात आणि त्यांची ‘दुरुस्ती’ त्याच वाटेने परत लिहितात. म्हणून आधी लिहिणे पूर्ण थांबवावे, डिस्क वेगळा कंट्रोलर असलेल्या संगणकाला जोडावी आणि काहीही न लिहिता तिची संपूर्ण प्रत काढून घ्यावी. दोष केवळ वाचण्यात असेल, तर हरवल्या वाटलेल्या फाइली इथे जशाच्या तशा सापडतात.

मूळ संगणकावर रॅमची चाचणी आधी उरकावी. मग दुसऱ्या, रिकाम्या डिस्कवर रॅमपेक्षा मोठी फाइल कॉपी करून तिचा शा-256 चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, तीन-चार वेळा काढावा. फाइल लहान असेल, तर दुसरे वाचन डिस्कवरून न होता मेमरीतूनच होते आणि चाचणी फुकट जाते. चेकसम दर वेळी बदलत असेल, तर वाचताना गडबड होते आहे. तो दर वेळी सारखाच येऊन मूळ फाइलशी जुळत नसेल, तर बहुधा लिहितानाच चूक झाली आहे. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या, नोंदींत 199 क्रमांकाचा, केबलवरून माहिती जाताना झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असल्यास आधी केबल बदलून पाहावी.

ड्रायव्हरची सुधारित किंवा आधीची आवृत्ती बसवून हीच चाचणी निर्दोष झाली, की मगच डिस्कच्या प्रतीवर एफएससीके चालवावे. ते फाइलींची मांडणी सावरते, आतला मजकूर परत आणत नाही. त्यासाठी बॅकअपच हवा, आणि तोही सदोष ड्रायव्हर बसवण्यापूर्वीचा, कारण त्यानंतरच्या बॅकअपमध्ये करप्ट फाइलीच निमूटपणे उतरलेल्या असू शकतात.