वीडनची आवारभिंत : समुद्रापासून लांबच्या एका शस्त्रकोठाराची पार्श्वभूमी

मे १८०३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्समधला आमिएंचा तह मोडला आणि ब्रिटन-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटलं. इंग्लिश खाडीपलीकडे बुलोनला नेपोलियन फौज आणि होड्या जमवू लागला. ब्रिटिश सैन्याची शस्त्रं आणि दारूगोळा सांभाळणाऱ्या लंडनमधल्या ऑर्डनन्स बोर्डाची झोप उडण्याचं कारण उघड होतं. तोफा आणि दारूगोळ्याचा मोठा साठा लंडनजवळच्या वूलिचला होता, आणि वूलिच अगदी टेम्सच्या काठावर. शत्रूची गलबतं नदीत शिरली तर पहिला घास तोच. वूलिचची विटांची आवारभिंत १८०४ मध्ये उंच करण्यात आली, काही भागात तर २० फुटांपर्यंत. पण जागाच चुकीची असेल तर भिंत चढवून किती चढवणार?

म्हणून भिंत चढवण्याआधीच, १८०३ साली, संसदेने कायदा करून नव्या शस्त्रकोठारासाठी नॉर्थॅम्प्टनशर परगण्यातल्या वीडन बेक या गावाजवळची जमीन घेतली होती. इंग्लंडमध्ये समुद्रापासून याहून फार लांब जाणं शक्यच नाही. तरी दळणवळण हाताशी होतं. लंडनहून वायव्येला जाणारा वॉटलिंग स्ट्रीट हा रोमनांच्या काळापासूनचा रस्ता गावातून जातो, आणि नुकताच खोदलेला ग्रँड जंक्शन कालवाही तिथूनच. बंदुका बनवणारं बर्मिंगहॅमही फार लांब नव्हतं. आराखडा रॉयल इंजिनिअर्स या लष्कराच्या अभियंता दलातल्या कॅप्टन रॉबर्ट पिल्किंग्टन यांचा.

तो आराखडा कागदावर पाहिला तर लांबट आयत दिसतो. मुख्य कालव्याला एक फाटा काढून तो सरळ आवारात आणला. फाट्याच्या दोन्ही काठांना चार-चार अशी आठ दुमजली कोठारं बांधली. तळमजल्यावर तोफा आणि त्यांचे गाडे, वर बंदुका आणि इतर हलकी शस्त्रं. या सगळ्याभोवती विटांची उंच भिंत आणि तिच्या कोपऱ्यांवर बुरूज.

आता हे बुरूज पाहून आपल्याकडच्या वाचकाला किल्ला आठवेल, पण तुलना तिथेच थांबवावी. कोपऱ्यावरचा बुरूज बाहेर काढला की भिंतीच्या दोन्ही बाजूंवर नजर आणि मारा ठेवता येतो, एवढं तत्त्व किल्ल्याचंच. पण ही भिंत तोफांचा मारा सोसण्यासाठी बांधलेली नाही. चोर, दंगेखोर जमाव, फार तर शत्रूची एखादी भरकटलेली तुकडी, यांना थोपवायला ती पुरेशी होती. मोठ्या सैन्यापासूनचा खरा बचाव म्हणजे समुद्रापर्यंतचं अंतर. माझ्या मते वीडनच्या वास्तूतला सगळ्यात शहाणा निर्णय हाच.

भिंतीची कमकुवत बाजू होती पाणी. रस्त्याला दरवाजा लावता येतो, कालव्याला काय लावणार? पिल्किंग्टन यांनी कालव्यावरच देवड्या बांधल्या, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. होडी देवडीच्या कमानीखालून जाते, आणि कमानीत वरून खाली सोडायचं जाळीदार लोखंडी फाटक असतं. ते पाण्यात उतरलं की ना होडी शिरणार, ना पोहणारा. मध्ययुगीन गढीतला हा प्रकार एकोणिसाव्या शतकात पाहून हसू येतं, पण कालव्यासाठी याहून सोपा इलाज सापडणं कठीण. पूर्वेच्या देवडीवर घड्याळाचा मनोराही आहे.

पश्चिमेच्या देवडीपलीकडे आणखी एक भिंतबंद आवार लागतं. ते दारूकोठारांचं. इथे धोका बाहेरून नव्हता, आतूनच होता. दारूची चार कोठारं एका ओळीत बांधली आणि दर दोन कोठारांमध्ये त्यांच्यासारखीच दिसणारी एक इमारत ठेवली. या मधल्या इमारती नुसत्या मातीने भरलेल्या. एका कोठाराचा स्फोट झाला तर धक्का मातीने गिळावा आणि शेजारचं कोठार वाचावं, एवढंच त्यांचं काम.

गजबजलेल्या वस्तीत कोठार ठेवलं की काय होतं, ते दिल्लीत दिसलं. ११ मे १८५७ रोजी दिल्लीच्या शस्त्रकोठारावर बंडवाल्यांनी शिड्या लावल्या. भिंत फार वेळ टिकणार नाही हे ओळखून लेफ्टनंट विलोबी याच्या तुकडीने आतली दारू स्वतःच उडवून दिली. लोथियन रोडवर त्या कोठाराचं दार अजून उभं आहे. वीडनच्या भिंतीवर अशी वेळ कधी आलीच नाही. १८०५ च्या ट्राफल्गारच्या आरमारी लढाईत ब्रिटन जिंकल्यावर स्वारीची भीती ओसरली, तरी बांधकाम चालूच राहिलं. सरकारी काम तिथेही असंच.

१८३८ मध्ये लंडन-बर्मिंगहॅम रेल्वे शेजारून धावू लागली आणि कालव्याचं महत्त्व हळूहळू घटलं. १८५५ मध्ये ऑर्डनन्स बोर्डच बरखास्त झालं, पण वीडनचं हे कोठार, म्हणजे डेपो, दोन्ही महायुद्धं पाहून १९६५ मध्ये बंद झाला. भिंतीबाहेरच्या टेकडीवरच्या बराकी आता नाहीत. अधिकाऱ्यांसाठी बांधलेले ‘पॅव्हिलियन’ही पाडले गेले. फ्रेंच आले तर राजा तिसरा जॉर्ज याला इथे लपवायचं ठरलं होतं, अशी आख्यायिका या पॅव्हिलियनांभोवती आहे. तिला किती मान द्यायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

भिंतीच्या आतलं मात्र बरंचसं शाबूत आहे. मुख्य वास्तूंना वारसा म्हणून कायद्याचं संरक्षण आहे आणि कोठारांमध्ये छोटे व्यवसाय, दुकानं चालतात. आवारातल्या फाट्यात पाणी आहे, पण मुख्य कालव्याशी त्याचा सांधा तुटल्यामुळे पूर्वेच्या देवडीखालून आता होडी येत नाही.