पायात ताकद आली की तोलही येतो?

‘लकव्यानंतर पायाला ताकद आली की तोल आपोआप येतो,’ असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. ताकद लागतेच, त्यामुळे तो पटतोही. पण गोष्ट अर्धीच आहे.

तोल सांभाळताना मेंदू तीन ठिकाणांहून खबर घेतो: डोळे, आतला कान, आणि तळवे-सांध्यांतली जाणीव. लकव्यात ही जाणीव बोथट होऊ शकते किंवा आलेल्या खबरींचा मेळ बसत नाही. मग माणूस डोळ्यांवर विसंबतो. दिवसा अंगणात नीट चालणारे आजोबा बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटतात आणि झोकांडी जाते. पाय तेच, ताकद तीच. फक्त डोळ्यांची खबर थांबली.

घरी पडताळता येतं. रुग्णाला झोपवून डोळे मिटायला सांगा. पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी धरून हळूच वर किंवा खाली न्या आणि ‘कुठे नेला?’ विचारा. आधी चांगल्या पायावर, मग दुसऱ्यावर. उत्तरं वारंवार चुकली तर डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना सांगा. (डोळे मिटून उभं करायची चाचणी त्यांच्यासमोरच.)

म्हणूनच व्यायामात तळव्याखाली काथ्या, टॉवेल, गुळगुळीत फरशी देऊन ओळखायला लावतात. पुढे आधार देऊन फोमच्या गादीवर उभं करतात, कधी डोळे मिटून. बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. सुधारणा प्रत्येकात सारखी नसते, वेळही लागतो. तोवर रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा राहू द्या.