नाट्यपदं गाणारा मुलगा ‘तसला’ असतो?

गणेशोत्सवात माझ्या भाच्यानं आईचा शेला खांद्यावर घेऊन नाट्यपद म्हटलं. टाळ्या पडल्या, आणि मागून कुजबुजही आली, “तसला आहे वाटतं.” तो तेरा वर्षांचा आहे. त्याला ते ऐकू गेलं.

नाट्यपद गाणारा, शेला घेणारा मुलगा समलिंगीच असतो, हा समज जुना आहे आणि साफ खोटा आहे. आपल्याच रंगभूमीकडे बघा ना. कुलीन बायकांनी रंगमंचावर येणं समाजाला मान्य नव्हतं, म्हणून पुरुष नऊवारी नेसून उभे राहिले. त्याचा त्यांच्या लैंगिकतेशी काय संबंध? ‘मानापमान’ नाटकातली बालगंधर्वांची नायिका, भामिनी, बघायला लोक जीव टाकत. त्यांच्या लुगड्यांची, दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करत. ते स्वतः संसारी, लेकुरवाळे होते. गायक-नट केशवराव भोसले लहानपणी ‘शारदा’ नाटकाची नायिका झाले आणि 1921 मध्ये दोघांच्या नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये त्याच बालगंधर्वांसमोर नायक धैर्यधर म्हणून उभे राहिले. भूमिका बदलली, माणूस तोच.

आता उलट बाजू. संगीत नाटकावर जीव असलेला एखादा मुलगा समलिंगी असेलही. क्रिकेट खेळणाराही असू शकतो. आवडीवरून ते ओळखता येत नाही, गाण्यानं कुणी तसं ‘होत’ नाही, आणि असणं हा दोषही नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भारतीय दंड संहितेच्या 377 कलमाबाबत निकाल देऊन सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले.

भाच्यानं बाजाच्या पेटीला हात लावलेला नाही, त्याला तीन आठवडे झाले. शेला मी धुऊन, घडी करून पेटीवरच ठेवलाय.