थेंब आणि मलम: औषध एकच, तऱ्हा वेगळी

लालबागच्या आमच्या चाळीत पावसाळा लागला की कुणाचे ना कुणाचे डोळे येतातच. मग एकजण केमिस्टकडून ड्रॉप आणतो, दुसरा ट्यूब, आणि "औषध तेच ना, काहीही घाल" म्हणत अदलाबदल सुरू होते. सिप्रोफ्लॉक्सासिन हे जंतू मारणारं औषध दोन्ही रूपांत मिळतं, हे खरं. पण ते कशात मिसळलंय यावर पुढचं सगळं ठरतं.

ड्रॉप म्हणजे मुख्यतः पाणी. अश्रूंशी जुळावं म्हणून 0.9 टक्के मिठाच्या पाण्याइतपत खारट, आणि जंतू वाढू नयेत म्हणून बहुधा बेन्झाल्कोनियम क्लोराइड घातलेलं. (मऊ कॉन्टॅक्ट लेन्स हे रसायन शोषून घेते. लेन्स काढून ड्रॉप घालायचा आणि पंधरा मिनिटं थांबायचं.) मलमात पाण्याच्या जागी असते पेट्रोलियम जेली आणि लिक्विड पॅराफिन. अंगाच्या उबेने ते पातळ होतं, पण अश्रूंत विरघळत नाही, त्यामुळे थेंबापेक्षा बराच जास्त वेळ डोळ्यात टिकतं.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मला याचा अर्थ कळला. ती दोन-दोन थेंब घालायची आणि पदराने गाल पुसायची. डोळ्यात मावतं जेमतेम 30 मायक्रोलिटर आणि बाटलीतून पडणारा एक थेंबच 30 ते 50 मायक्रोलिटरचा! दुसरा थेंब तिच्या पदरालाच लागत होता. त्यातच पहिल्या रात्री मी आधी ट्यूब लावली आणि वर ड्रॉप घातला. अळवावरच्या पाण्यासारखा तो ओघळून गेला. आधी थेंब, दोन वेगळे ड्रॉप असतील तर मध्ये पाच मिनिटं, आणि शेवटच्या थेंबानंतर दहा मिनिटांनी मलम, हा क्रम डॉक्टर उगाच सांगत नाहीत.

थेंबाची आणखी एक खोड आहे. नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक नळीतून तो घशात उतरतो. जीभ कडू होते ती यामुळेच. काचबिंदूवरचं टिमोलॉल याच वाटेने रक्तात जातं, नाडी मंदावते, दमेकऱ्याला धापही लागू शकते. म्हणून थेंब घातल्यावर डोळा अलगद मिटायचा आणि तो कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरायचा. आईला हे पटलं तेव्हापासून ती खिडकीपाशी बसून, नाकाच्या बाजूला बोट ठेवून, मनातल्या मनात शंभर मोजते.

काही ड्रॉप दुधाळ असतात, उदाहरणार्थ प्रेडनिसोलोन ॲसिटेट. औषध तळाशी बसतं, म्हणून बाटली नीट हलवूनच घ्यायची.

मलम लावायला खालची पापणी ओढायची, आतल्या खोबणीत अर्धा ते एक सेंटीमीटर पट्टी सोडायची. ट्यूबचं तोंड कुठेही टेकवायचं नाही, बाटलीचंही नाही. नंतर काही वेळ सगळं धूसर दिसतं, करी रोड स्टेशनचा इंडिकेटरही वाचता येणार नाही. म्हणूनच ट्यूब सहसा रात्री झोपताना लिहून देतात.

खरी भीती मला वाटते ती डब्यातल्या जुन्या ट्यूबची. त्वचेच्या मलमावर त्याच औषधाचं नाव असलं तरी ते डोळ्यासाठी निर्जंतुक केलेलं नसतं. आणि "डोळे लाल झालेत, काहीतरी द्या" असं केमिस्टला सांगून आणलेल्या ड्रॉपमध्ये कधी स्टेरॉइड असतं. लाली दोन दिवसांत उतरते, पण नागिणीच्या जातीचा विषाणू असेल तर बुबुळावर जखम पसरते, आणि दीर्घकाळ वापरलं तर डोळ्याचा दाब वाढतो. स्टेरॉइड डॉक्टरांनी डोळा तपासल्याशिवाय घालूच नका, मी हात जोडून सांगते.

सील फोडलेली बाटली साधारण 28 दिवसांनी टाकायची. आई आता खोक्यावर बॉलपेनने तारीख लिहिते, आणि शेजारी मोठ्या अक्षरात 'डावा'.