खोकला नंतर ऐका, आधी बाळाची छाती बघा

पावसात कोकणात घरोघरी एखादं तरी बाळ सर्दीने घरघरत असतं आणि सगळे त्या आवाजालाच घाबरतात. पण तान्ह्या बाळाचं नाक एवढं अरुंद की जरासा शेंबूड अडकला तरी केवढा आवाज, बाळ नीट पितंय हसतंय तर बहुतेक वेळा टेन्शन नाही. न्यूमोनियात मात्र कधीकधी आवाज फारसा नसतोच, नुसता श्वास भराभर चाललेला असतो.

म्हणून बाळ शांत असताना, झोपलेलं असेल तर बेस्टच, झबलं वर करायचं आणि मोबाईलवर टायमर लावून पूर्ण 1 मिनिट श्वास मोजायचे. 15 सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण तान्ह्यांचा श्वास मुळातच एकसारखा नसतो, मध्येच भरभर, मध्येच 5-10 सेकंद थांबल्यासारखा, ते नॉर्मल आहे (20 सेकंद थांबला तर अजिबात नाही). 2 महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, 1 वर्षापर्यंत 50, पुढे 5 वर्षांपर्यंत 40, एवढे भरले तर डॉक्टर गाठायचा. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत.

मोजतानाच बरगड्यांच्या खाली बघा. श्वास घेताना तिथे खड्डा पडतोय? बाळाच्या बरगड्या मऊ असतात, फुफ्फुसं आजारी पडून कडक झाली की त्यांच्याखालचा श्वास ओढणारा स्नायूंचा पडदा जोर लावतो आणि छातीच आत ओढली जाते. आपल्या आज्या ‘पोट उडतंय’ म्हणतात ते बऱ्याचदा हेच, तेव्हा आजीला गप्प करू नका. नाकपुड्या फुलणं, दर श्वासाला कण्हणं हेही तसंच, कण्हून बाळ थोडी हवा आत अडवून ठेवतं म्हणजे फुफ्फुसं मिटत नाहीत.

आजीचा कापूर आणि ओव्याची धुरी मात्र नको, धुराने श्वासनळ्या आणखी चिडतात, आणि नाकाला बाम तर तान्ह्यांना चक्क धोकादायक.

सर्दी ताप काही नाही आणि खेळता खेळता अचानक ठसका लागून श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तर काजूगर किंवा शेंगदाणा श्वासनळीत गेला असेल, ठसका थांबला तरी दाखवायचंच.

आणि ओठ-जीभ निळसर, पिणं बंद, किंवा इतका वेळ रडणारं बाळ मलूल होऊन गप्प पडलं, तर ‘झोपलं एकदाचं’ म्हणू नका, ते दमलेलं असू शकतं. सकाळची एसटी बघत बसायचं नाही, रात्रीच 108 लावा.