वयानं झिजलेला दात, सोयीविना गेलेला दात

"वय झालं का दात जातेच बाप्पा." यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात राहणाऱ्या आमच्या आत्याचं हे ठरलेलं वाक्य. हे सांगताना तिच्या स्वतःच्या तोंडात बावीस दात असतात. ती बोलत असते निंदणाला येणाऱ्या पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, म्हातारीबद्दल, जिच्या तोंडात आता एकही उरलेला नाही. जन्मतारीख दोघींचीही धड कुठे लिहिलेली नाही, पण दोघींची लग्नं बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे झाली. म्हणजे वय जवळपास एकच. मग वयानं एकीचे दात नेले आणि दुसरीचे ठेवले, हे कसं?

आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो, इथेच सगळा घोळ आहे. एक म्हणजे दाताचं म्हातारपण आणि दुसरी म्हणजे वेळेवर इलाज न झाल्यानं गेलेला दात. बोळक्या तोंडाकडे नुसतं बघून दोन्हींतला फरक कळत नाही.

म्हातारपण दाताला झिजवतं. वरचं कठीण आवरण पातळ होतं, आतला पिवळसर भाग दिसू लागतो, दाढांचे उंचवटे सपाट होतात. जात्यावरच्या पिठातली कच पन्नास वर्षं चावली की दाढ फरशीसारखी गुळगुळीत होणारच. आतली नस आक्रसते, त्यामुळे थंड-गरम पूर्वीइतकं झोंबतही नाही. हिरडी थोडी खाली सरकते. पण एवढं सगळं होऊनही दात जबड्यात घट्ट असतो. नुसत्या वयानं तो गळून पडत नाही.

दात पडतो तो रोगानं. एक तर कीड लागते, नाहीतर हिरडी आणि तिच्याखालचं हाड सडतं. दोन्ही रोग वर्षानुवर्षं सावकाश चालतात, दोन्ही वाटेत अडवता येतात, आणि मधुमेह असला की हिरडीचा रोग जोर धरतो. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारून बघा: "हा दात गेला, त्याच्या आधी दुखला होता का? हलत होता का? हिरडीतून रक्त, पू यायचा का?" उत्तर 'हो' असेल, तर त्या दाताचा दोष वयावर टाकू नका.

हा फरक मला नीट समजला तो अमेरिकेतल्या आकड्यांवरून. तिथल्या २०११ ते २०१६ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत पासष्टीपुढच्या गोऱ्यांपैकी सुमारे १५ टक्के लोकांचे सगळे दात गेलेले होते. त्याच वयाच्या कृष्णवर्णीयांमध्ये हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होतं, म्हणजे दुप्पट. दोन्हीकडचे लोक पासष्टीपुढचेच होते, त्यामुळे या दुपटीचा दोष वयावर ढकलता येत नाही.

त्यामागचा इतिहास बघण्यासारखा आहे. ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा, मेडिकेअरचा, कायदा १९६५ साली झाला. त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या नागरी हक्क कायद्यानं सांगितलं होतं, की केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थेला वर्णभेद करता येणार नाही. मेडिकेअरचा पैसा हवा असेल तर काळ्यांचे वेगळे वॉर्ड बंद करा, अशी अट आली आणि १९६६ मध्ये काही महिन्यांत शेकडो रुग्णालयांनी ती मुकाट्यानं पाळली. पण दाताचे नेहमीचे उपचार या विम्यातून मुळातच वगळलेले होते. पैसाच नाही, तर अट कशाच्या जोरावर घालणार? दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीपर्यंत तो दट्ट्या पोचलाच नाही. तपासणी, दात भरणं, कवळी हे आजही त्या मूळ विम्यात बसत नाही. वर्णावरून सदस्यत्व नाकारण्याच्या जुन्या रीतीबद्दल अमेरिकन डेंटल असोसिएशननं जाहीर माफी मागितली, ती २०१० साली. त्या पाहणीतल्या म्हाताऱ्यांचं लहानपण त्याच वेगळ्या वॉर्डांच्या काळातलं होतं. तोंड जुन्या सातबाऱ्यासारखं असतं, मागच्या नोंदी पुसल्या जात नाहीत.

'हे गरिबीमुळे असेल, वर्णाचा काय संबंध?' अशी शंका इथे येतेच, आणि ती रास्त आहे. गरिबीचा वाटा मोठाच आहे, पण सगळा हिशेब तिथे संपत नाही. माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांतल्या नोंदींवर २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथेही काळ्या रुग्णांचा दात रूट कॅनॉल करून वाचवण्यापेक्षा काढून टाकला जाण्याची शक्यता गोऱ्यांहून जास्त निघाली. दवाखाना एकाच सरकारचा होता, तरी.

आता परत पांढरकवड्याकडे, म्हणजे आत्याच्या केळापूर तालुक्याच्या मुख्य गावाकडे, येऊ. अमेरिकेतला 'वंश' उचलून जसाच्या तसा इथे चिकटवू नये, आपल्याकडच्या उतरंडी वेगळ्या आहेत. पण घरात चालणारं बोलणं ऐका. आपले दात गेले की 'वय झालं', आणि पोडावरच्या माणसाचे गेले की 'त्यांचं तसंच असते, खर्रा खातेत'. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, बाकीच्या दोन म्हणजे माडिया गोंड आणि कातकरी. त्यांच्या दातांचं कारण शोधताना आपण सवयीपाशी थांबतो. खर्रा आमचे मामाजी, म्हणजे आत्याचे यजमान, चाळीस वर्षं खात होते. सुपारी, तंबाखू, चुना, दिवसाला चार पुड्या. हिरड्या त्यांच्याही सुजल्या. फरक इतकाच, की मुलानं गाडीत घालून त्यांना नागपूरला नेलं, तीन-चार वेळा नेलं, आणि दात राहिले.

डागांचंही तसंच. या पट्ट्यात काही हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणी दात घडत असताना ते पाणी पोटात गेलं की पुढे दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे उमटतात. कितीही घासा, जात नाहीत. तरी शिक्का बसतो 'दात घासत नाहीत' हाच.

खरी मेख खेपांची आहे. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाताचा डॉक्टर सहसा नसतो, तो भेटला तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय पांढरकवड्याहून दीडशे किलोमीटरच्या आसपास. दात काढायला एक खेप पुरते. तोच दात वाचवायचा तर दोन-तीन. कवळीला आधी माप, मग चावा जुळवणं, मग मेणावरची ट्रायल, मग बसवणं, आणि टोचते म्हणून पुन्हा एकदा जाणं. प्रत्येक खेपेला एक मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणून रोजमजुरी करणारं माणूस दात काढूनच येतं. हा निर्णय त्या माणसाचा दिसतो, पण एसटीच्या वेळापत्रकानं तो आधीच घेतलेला असतो.

सरकारी योजनांचं म्हणाल, तर २०२४च्या ऑक्टोबरपासून सत्तरी गाठलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. ओपीडीत बसून दात भरून घ्यायचा, रूट कॅनॉल करायचं, तर ते त्यात नाही. मेडिकेअरनं १९६५ साली जी फट ठेवली, नेमकी तीच. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी २०१७ सालच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत मात्र काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्या जोडीनं कवळीही आहे. हे फार जणांना माहीत नसतं, म्हणून सांगून ठेवतो.

पोडावरच्या त्या मावशीलाही मी हे सांगितलं. भाकर ती दुधात नाही, पाण्यात कुस्करून खाते. ऐकून घेतलं, मग तिनं विचारलं, "खेपा किती लागन, भाऊ?"

म्हटलं, "चार-पाच तरी."

तोंडावर पदर धरून ती हसली. "तेवढ्यात तं एका वावरातला कापूस येचून होते."